वेल्डिंगला येताय? मग सहा महिन्यांचा नियम आधी ऐका

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवर प्रवेश, हे तुम्हाला माहीत असेलच. या धंद्याचं मला अजूनही आवडतं ते हे, की टेस्टला बसल्यावर मार्क कोणी विचारत नाही. पाइपचे दोन तुकडे हातात देतात. जॉइंट एक्स-रे फिल्मवर पास झाला तर कामावर या, नाहीतर घरी जा. कोणाची चिठ्ठी आणलीय याला तिथे किंमत नाही.

पण सुरुवातीचा पगार बघून हिरमोड होईल. छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ६०१३ नंबरच्या साध्या रॉडने सपाट जॉबवर टॅक, म्हणजे छोटे टाके, मारत राहिलात, तर पाच वर्षांनीही तेच करत असाल. पैसा पाइपवर आहे. ६जी पोझिशनची टेस्ट, म्हणजे पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला. तो फिरत नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं. रूट, म्हणजे जॉइंटचा सगळ्यात आतला पहिला थर, टिगने (आर्गॉन वायूच्या आवरणात मारतात ते वेल्डिंग), वरचे पास म्हणजे थर ७०१८ च्या रॉडने, साध्या आर्कवर. रिफायनरीचं शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात ते), साखर कारखान्याचा बॉयलर, आखातातली कामं, सगळीकडे हा हात असलेला माणूस लागतो. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो. माझा रूट सुरुवातीला आतून नुसता खड्डे पडलेला असायचा.

आता मी कुठे अडकलो ते. ६जीची टिग आणि आर्कची टेस्ट मी पास झालो होतो. चाकणला गाड्यांच्या पार्टचं सीओटूचं, म्हणजे गॅसच्या आवरणात सतत येणाऱ्या तारेने मारायच्या वेल्डिंगचं, काम मिळालं. छप्पर, कँटीन, ओव्हरटाइम. बरं चाललं होतं. पुढे शटडाउनच्या कामाला अर्ज केला तेव्हा ठेकेदाराच्या क्यूसीवाल्याने, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्याने, विचारलं, ‘टिग शेवटचं कधी मारलं? नोंद दाखव.’ नोंद नव्हती. बहुतेक मोठी पाइपिंगची कामं एएसएमई सेक्शन नऊ या अमेरिकन वेल्डिंग नियमावलीवर चालतात. त्यात नियम असा: एखाद्या प्रोसेसने (टिग, आर्क, सीओटू अशा पद्धतीने) सहा महिने वेल्डिंग केलं नाही, की त्या प्रोसेसची पात्रता संपली. सीओटू रोज मारलंत तरी ते टिगच्या खात्यात जमा होत नाही आणि आर्कच्याही नाही. प्रत्येक प्रोसेसचं खातं वेगळं. आणि उपाय किती सोपा! सहा महिन्यांत त्या प्रोसेसचा एखादा जॉइंट कामावर मारून रजिस्टरला चढवला, तरी पात्रता चालू राहते. मेंटेनन्सवाल्यांकडे टिगचं मशीन असतंच, विचारायला लाजू नका.

दुसरी गोष्ट त्यातच. ही पात्रता ज्या कंपनीने टेस्ट घेतली तिच्यापुरती असते. नवी कंपनी नवी टेस्ट घेणार, त्याने खचू नका, सगळ्यांची घेतात. पण कंपनी सोडताना डब्ल्यूपीक्यू (टेस्ट पास झाल्याचा कागद) आणि नोंदीची झेरॉक्स मागून घ्या, कारण टेस्टला कोणाला बोलवायचं हे ती बघून ठरतं. आयबीआरचं, म्हणजे बॉयलरच्या कामाला लागणारं, प्रमाणपत्र वेगळं: ते बाष्पके संचालनालयाच्या परीक्षेचं, वेल्डरच्या नावावर असतं. त्यालाही मुदत असते, तारीख बघत जा.

‘पंधरा दिवसांत ६जी’ वाले क्लास मला फसवणूकच वाटतात. त्यापेक्षा अप्रेंटिस लागा. स्टायपेंड थोडा, पण रॉड फुकट जाळायला मिळतात. उस्ताद निवडायचा तर पाइपात बॅटरी मारून तुमचा रूट बघणारा. ७०१८ ओव्हनमध्ये न भाजता वापरायला लावणारा उस्ताद सोडून द्या. रॉडमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन जॉइंटमध्ये शिरतो आणि तडा नंतर जातो, बिल मात्र तुमच्या नावावर फाटतं.

डोळ्यात आर्क लागला तर रात्री वाळू गेल्यासारखं टोचतं. काळी काच १० किंवा ११ नंबरचीच वापरा, टॅक मारतानाही. जीआय पाइप असेल तर जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा, तोंडाला मास्क लावून. नाहीतर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ल्याने तो धूर उतरत नाही, शॉपमधले म्हातारे काहीही म्हणोत.