रीलवर कॅप्शन लावताय? एआय टूल निवडताना या चुका टाळा

फोंड्याला मामीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिसऱ्यांच्या सुक्याचा पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. आदोळीवर, म्हणजे विळीवर, तिसऱ्या फोडायच्या, मांसाची शिंपी ठेवायची, रिकामी टाकायची, वर ओलं खोबरं. मराठी कॅप्शन बऱ्यापैकी बरोबर उमटलं. मग मी त्याच टूलमधलं इंग्रजी भाषांतराचं बटण दाबलं आणि न वाचताच व्हिडिओ टाकला. इंग्रजीत तिसऱ्यांचं ‘थर्ड’ झालं होतं आणि शिंपीचा ‘टेलर’. मामीची सून परदेशात वाढलेली, तिला देवनागरी वाचता येत नाही. तिने फोन करून विचारलं, यात शिंपी कुठून आला? मामीला वाईट वाटलं, कारण तो व्हिडिओ तिने मुळात सुनेसाठीच करून घेतला होता.

तेव्हापासून टूल निवडायची माझी रीत बदलली. इथे कॅप्शन म्हणजे व्हिडिओवर उमटणारे शब्द. पोस्टखाली आपण लिहितो तो मजकूर नव्हे.

जाहिरातीतला टक्केवारीचा आकडा बघून पैसे भरणं

समजा, टूल ‘९५ टक्के अचूक’ म्हणतं. पंचेचाळीस सेकंदांत माणूस साधारण शंभर शब्द बोलतो, म्हणजे पाच शब्द चुकणार. पण कुठले पाच? ‘आणि’, ‘मग’, ‘असं’ हे शब्द कुठलंही टूल बरोबर लिहितं. चुकतात ती नावं, भाव आणि पदार्थ, म्हणजे ज्यांच्यासाठी लोक व्हिडिओ बघतात तेच. शिवाय तो आकडा कुठल्या भाषेवर आणि कसल्या आवाजावर मोजलाय, हे जाहिरातीत बहुधा लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा आपलाच एक कठीण तुकडा चाळीस-पन्नास सेकंदांचा तयार ठेवा. माझा तुकडा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला आहे: मागे गाड्यांचे हॉर्न, दोन बायका एकाच वेळी बोलताहेत, ‘सव्वाशे’, ‘अडीचशे’, ‘पावणेदोन किलो’ असे भाव आहेत. गावांची नावं मी मुद्दाम अवघड घेतली. ‘साखळी’ आणि ‘सांगे’ ही आपल्याला गावं आहेत, यंत्राला नुसते शब्द. ‘साखळीची जत्रा’ भाषांतरात ‘चेन’ची होते. माशांमध्ये ‘शेवटो’ घ्या. त्याचा ‘शेवट’ होतो का ते बघा. आधी हा तुकडा स्वतः ऐकून अक्षरशः कागदावर उतरवा, मग प्रत्येक टूलचं कॅप्शन त्याच्याशी ताडून चुकलेले, गळलेले आणि नसलेले घुसवलेले शब्द मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण वर्षभराची वर्गणी भरण्याआधी एवढं करायलाच हवं.

‘मराठी चालते’ एवढ्यावर समाधान मानणं

गोव्यात हा प्रश्न सगळ्यात मोठा. आपण घरात कोंकणी बोलतो, नाटक मराठीत करतो, बाजारात हिंदी येते, आणि एकाच वाक्यात तिन्ही येऊन जातात. टूलच्या यादीत मराठी असलं म्हणजे हे सगळं त्याला कळतं असं नाही.

ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहिणारं मॉडेल खुलं केलं. कॅप्शनची कितीतरी लहान टूल्स त्यावर उभी आहेत. व्हिस्परच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोंकणी नाही. मग कोंकणी वाक्य आलं की ते थांबत नाही, ‘कळलं नाही’ असंही सांगत नाही. जवळचा मराठी शब्द शोधून लिहून टाकतं. आमच्या नाट्यमंडळाच्या तालमीच्या व्हिडिओत एकाने ‘चल, वचूंया’ (चल, जाऊया) म्हटलं आणि कॅप्शनमध्ये ‘चल, वाचूया’ आलं. हातात संहिता होतीच, त्यामुळे ते चुकलंय हे बाहेरच्या माणसाला कळणंही शक्य नव्हतं. अशी सफाईदार चूक ही सगळ्यात घातक, कारण डोळा तिच्यावर अडत नाही.

त्यात भाषा ‘आपोआप ओळखा’वर ठेवली असेल तर आणखी घोळ. व्हिस्पर पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि रीलचा बहुतेक भाग त्यातच संपतो. सुरुवातीला कोंकणीत स्वागत आणि पुढे मराठी, असं असलं की पूर्ण कॅप्शन हिंदी वळणाचं आलेलं मी पाहिलंय. म्हणून भाषा हाताने निवडता येत नाही ते टूल आपल्या कामाचं नाही. भाषा बदलते तिथे व्हिडिओ कापून दोन तुकडे वेगवेगळे चालवा, मग जोडा. कोंकणी भाग मोठा असेल तर तो हाताने लिहिलेलाच बरा. केंद्र सरकारच्या भाषिणी या भारतीय भाषांसाठीच्या उपक्रमात आणि आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतच्या मॉडेलांत कोंकणी आहे, तिकडे लक्ष असू द्या.

दुरुस्ती कशी होते ते न बघणं

माझ्या मते टूल निवडायचं ते याच कसोटीवर. पहिला मसुदा सगळ्यांचाच थोडाफार चुकतो, खरा वेळ जातो तो सुधारण्यात. शब्दावर बोट ठेवल्यावर तिथलाच आवाज पुन्हा ऐकू येतो का? एक शब्द बदलला की पुढच्या ओळींच्या वेळा सरकतात का? ‘माटोळी’चं ‘मातोली’ झालेलं सगळीकडे एका झटक्यात बदलता येतं का? आपली शब्दसूची साठवता येते का? माझ्या सूचीत आज खाजे, हुमण, खतखते, किसमूर, पदेर, घुमट, रोमटामेळ, फुगडी आणि दोन डझन गावं आहेत. सूची भरल्यावर टूल ती खरोखर वापरतं का, हेही त्याच चाचणीच्या तुकड्यावर तपासा. काही ठिकाणी ती सोय फक्त इंग्रजीला लागू असते.

हे सगळं मोबाइलवर करून बघा. संगणकावर छान दिसणारं दुरुस्तीचं पान फोनवर कीबोर्डखाली अर्धं झाकलं जातं.

अक्षरांकडे दुर्लक्ष

मजकूर बरोबर, पण पडद्यावर ‘कोपऱ्यावर’चं ‘कोपर् यावर’ झालं, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली, जोडाक्षर फुटून पाय मोडके दिसायला लागले. हा दोष ऐकण्याचा नाही, अक्षरं जुळवण्याचा आहे. संपादनाच्या पानावर सगळं ठीक दिसतं आणि डाउनलोड केलेल्या व्हिडिओत बिघडतं, म्हणून तपासायचं ते डाउनलोड केलेल्या फाइलवर. मी हे एकच वाक्य चालवून बघतो: ‘दुसऱ्या कोपऱ्यावरच्या ॲपमध्ये उत्कृष्ट कृती मिळतील.’ ‘ऱ्या’तला अर्धा र, ॲ, ष्ट, ऋकार, दोन्ही वेलांट्या, सगळं त्यात येतं.

बिघडलं तर आधी फॉन्ट बदला. मुक्त (Mukta), बालू (Baloo), नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि मराठी नीट दाखवतात. स्वतःचा फॉन्ट चढवता येत नसेल तर दुसरं टूल बघा. एकेक अक्षर नाचत येतं ती सजावट देवनागरीला लावूच नका, कारण काना-मात्रा अक्षरापासून सुटतात. शब्द-शब्द उजळणारी चालते. दोन ओळींत अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो.

जागेचं थोडक्यात: १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीत तळाला खात्याचं नाव येतं आणि उजवीकडे बटणं. कॅप्शन मध्याच्या किंचित खाली ठेवा, पांढरं अक्षर, काळी कड. मागे किनाऱ्यावरची वाळू असेल तर कड नसलेलं पांढरं अक्षर दिसतच नाही.

संगीतासकट आवाज टूलला देणं

शिगम्याच्या व्हिडिओत ढोल-ताशा वाजत असताना टूल बोलणं शोधतं, आणि सापडलं नाही की काही वेळा स्वतःच वाक्य रचतं. शांत जागीही असं होतं. कुणी न बोललेलं ‘धन्यवाद’ शेवटी उमटतं. उपाय सोपा आहे: पार्श्वसंगीत घालण्याआधीचा नुसता बोलण्याचा आवाज टूलला द्या, संगीत नंतर चढवा. आणि वाद्य हाच विषय असेल तिथे हाताने ‘घुमट वाजतंय’ असं लिहा. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी कॅप्शन हाच आवाज असतो. आमच्या वाड्यावरचे एक काका कानाने पूर्ण बंद आहेत, ते आमची प्रत्येक नाट्यप्रवेशाची रील बघतात. कोण बोलतंय त्याचं नाव ओळीआधी लिहायला त्यांनीच सांगितलं.

फाइल बाहेर काढता येते का, हे शेवटी बघणं

फुकटच्या योजनेत खूणचिन्ह (वॉटरमार्क) येतं का, महिन्याला किती मिनिटं मिळतात, एसआरटी फाइल (कॅप्शनचे शब्द आणि त्यांच्या वेळा असलेली वेगळी फाइल) मिळते का, हे आधीच बघा. कॅप्शन व्हिडिओत कायमचं छापलं की नंतर एक वेलांटीही सुधारता येत नाही. एसआरटी हाताशी असली की पुन्हा छापता येतं, आणि यूट्यूबवर ती वेगळी चढवता येते. यूट्यूबवर चढवल्यावर मराठीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात पुन्हा सेव्ह करा. फाइल स्वीकारलीच नाही तर वेळेतलं सेकंदांनंतरचं चिन्ह बघा: एसआरटीत तिथे स्वल्पविराम लागतो, व्हीटीटी या तशाच दुसऱ्या फाइलीत टिंब.

शाळकरी मुलींच्या फुगडीचा व्हिडिओ अशा टूलवर चढवण्याआधी पालकांना विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, आणि चढवलेला व्हिडिओ टूलवाले किती दिवस ठेवतात, कशाला वापरतात, ते त्यांच्या अटींत वाचायला मिळतं.

मामीचा व्हिडिओ आम्ही काढून पुन्हा टाकला. इंग्रजी ओळी या वेळी मी सुनेला फोनवर वाचून दाखवल्या, तिने दोन बदल सुचवले. तिसऱ्यांना आम्ही ‘क्लॅम्स’ लिहिलं आणि आदोळीला आदोळीच ठेवलं.