मांसातून उजेड किती पार जातो? घरच्या घरी मोजण्याची रीत

मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबा. बोट आतून लालभडक दिसतं, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा उजेड शोषून घेतं आणि लाल बराचसा सोडून देतं. हाडाची सावली मात्र दिसत नाही. ऊतकात, म्हणजे शरीरातल्या पेशींच्या जाळ्यात, शिरलेला प्रकाश सरळ जातच नाही, पेशींवर आणि तंतूंवर आपटत दाही दिशांना विखुरतो. शोषण किती आणि विखुरणं किती, हे मोजणं म्हणजेच ऊतकाचे प्रकाशीय गुणधर्म मोजणं. करोनाच्या दिवसांत मुंबईत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच पायावर उभा आहे. तो बोटातून ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पाठवतो.

आपण कोंबडीच्या मांसावर मोजू. शाकाहारी घरात बटाटा चालेल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ५ मिमीचा एक लाल आणि एक हिरवा एलईडी आणा, सोबत सीआर२०३२ बटन सेल. (हा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.) अँड्रॉइड फोनवर ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात प्रकाश संवेदकाचं वाचन लक्समध्ये दिसतं. संवेदक बहुधा वरच्या बाजूला, कानाला लावायच्या स्पीकरजवळ असतो. बोट फिरवून आकडा कुठे पडतो ते पाहिलं की नेमकी जागा सापडते. फोनला क्लिंग फिल्म गुंडाळा आणि छोटं भोक पाडलेला काळा कार्डपेपर संवेदकावर चिकटवा. त्याच कागदाची ५ सेंमीची नळी करून वरच्या टोकाला आधी लाल एलईडी बसवा.

आता काप. सगळा प्रयोग इथेच जमतो किंवा फसतो, म्हणून घाई नको. चिकनवाल्याकडून बोनलेस छातीचा अख्खा तुकडा घ्या आणि तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धवट कडक झाला की पातळ सुरीने सारखे काप निघतात. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या रचून त्यांच्यावरून सुरी ओढली तर जाडी एकसारखी येते. ४, ६, ८ आणि १० मिमीचे काप करा, नळीच्या तोंडापेक्षा चांगले रुंद, नाहीतर उजेड कडेने निसटतो. जाडी कॅलिपरने मोजा, पण जबडे घट्ट आवळू नका, मांस दबतं. काप खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात तर हे टाळूच नका. मुंबईच्या दमट हवेत थंड कापावर लगेच दव धरतं आणि तो थर वाचन बिघडवतो. मोजण्याआधी काप हलक्या हाताने टिपून घ्या. एवढे जाड काप जमले नाहीत तर दोन काप एकावर एक ठेवा, मात्र मध्ये मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. हवा अडकली तर त्या फटीतून प्रकाश परावर्तित होतो.

खोलीत अंधार करा. आधी नुसती नळी संवेदकावर ठेवून वाचन घ्या, हे संदर्भाचं वाचन. मग काप मध्ये ठेवून त्यावर नळी टेकवा आणि वाचा. प्रत्येक कापाच्या आधी आणि नंतर संदर्भ पुन्हा घ्या, कारण बटन सेल झपाट्याने उतरतो. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय मांस मोजलं की सेल, हे सांगता येत नाही.

प्रत्येक वाचनाला त्याच्या संदर्भाने भागा. समजा संदर्भ बदलला नाही आणि ४ मिमीला १२० लक्स, ८ मिमीला ७२ आले. १२० भागिले ७२ म्हणजे १.६७. कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ (नैसर्गिक लॉगॅरिदम) दाबलं की ०.५१. वाढलेली जाडी ४ मिमी, म्हणून दर मिमीला सुमारे ०.१३. याचा व्यस्त सुमारे ७.८ मिमी: एवढी जाडी वाढली की उजेड ३७ टक्क्यांवर येतो. चारही कापांच्या भागाकाराचा ‘एलएन’ जाडीसमोर आलेखावर मांडून उतार काढा. एकाच कापावरून निष्कर्ष काढू नका, कारण पृष्ठभागावरून परतलेला प्रकाशही त्यात मिसळलेला असतो. उतार घेतला की तो बहुतांशी बाजूला पडतो.

हा उतार शोषण आणि विखुरणं यांचा एकत्रित परिणाम आहे. दोन्ही वेगळे करायचे तर परतलेला प्रकाशही मोजावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी आतून बेरियम सल्फेटसारखा पांढराशुभ्र लेप दिलेला पोकळ गोल, म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर, वापरतात. तो चहूकडे विखुरलेला प्रकाश गोळा करतो.

आता लाल काढून हिरवा एलईडी लावा आणि तेच काप पुन्हा मोजा. फोनचा लक्स माणसाच्या डोळ्याप्रमाणे तोललेला असतो, म्हणून लाल-हिरव्याचे आकडे थेट शेजारी ठेवू नका, उतारांची तुलना करा. हिरव्याचा उतार जास्त तीव्र आला, तर टॉर्चवर धरलेलं बोट लाल का दिसतं, ते तुमच्या आलेखातच दिसेल. वापरलेलं मांस खाऊ नका, ओल्या कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा.