सहसंबंधाचा हीटमॅप: रंग खरं बोलले पाहिजेत

सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते सांगणारा उणे 1 ते 1 मधला आकडा, आणि अशा आकड्यांचा तक्ता रंगांत दाखवणारं चित्र म्हणजे हीटमॅप. तो काढायला मी नेहमी ‘एमटीकार्स’वर शिकवते. ‘आर’ या आकडेवारीच्या संगणकभाषेसोबत आयताच मिळणारा हा डेटा: 1974 च्या ‘मोटर ट्रेंड’ मासिकातल्या 32 गाड्या, 11 रकाने, सगळे आकडे. म्हणून तो सहसंबंध काढणाऱ्या ‘कॉर’ फंक्शनला थेट देता येतो. तुमच्या डेटात मजकुराचे रकाने असतील तर ते आधी बाजूला काढा, नाहीतर एरर येईल. रिकाम्या नोंदींचं काय करायचं तेही ‘कॉर’च्या ‘यूज’ या पर्यायात सांगा.

आता चित्र. ‘आर’चं स्वतःचं ‘हीटमॅप’ फंक्शन इथे जपून वापरा. ते आपणहून प्रत्येक ओळीचं प्रमाणीकरण करतं, म्हणजे आकडे त्या ओळीच्या सरासरीच्या तुलनेत बदलून घेतं, त्यामुळे रंग मूळ सहसंबंधाचे राहतच नाहीत! त्याचा ‘सिम’ हा पर्याय ट्रू केला की हे थांबतं. मला मात्र ‘कॉरप्लॉट’ पॅकेजच आवडतं. त्यात ‘मेथड’ला ‘कलर’, ‘टाइप’ला ‘लोअर’ द्या. वरचा अर्धा भाग तसाही खालच्याचीच पुनरावृत्ती असतो. रंगपट्टी उणे 1 ते 1 अशीच ठेवा, म्हणजे शून्य बरोबर मधल्या फिक्या रंगावर येतं.

आणि ‘ऑर्डर’ला ‘एचक्लस्ट’ द्याच, म्हणजे सारखे वागणारे रकाने जवळ येतात. सिलिंडर, इंजिनाची क्षमता, वजन हे एकमेकांजवळ येऊन बसतात आणि गट लगेच डोळ्यांत भरतो. वजन आणि मायलेजच्या चौकटीत उणे 0.87 दिसेल: गाडी जड, तर मायलेज कमी. अशा प्रत्येक गडद चौकटीचा स्कॅटरप्लॉट, म्हणजे त्या दोन रकान्यांचा बिंदूंचा आलेख, काढून बघा. एखादाच टोकाचा बिंदूही आकडा फुगवतो.