शर्मिष्ठेतला पिवळा जोडतारा कसा शोधावा

१५ नोव्हेंबरच्या सुमारास रात्री साडेनऊला उत्तरेकडे तोंड करा. पुण्याहून शर्मिष्ठा (कॅसिओपिया) तारकासमूहाचा 'एम' सुमारे ५०° उंचीवर दिसेल. त्याच्या डाव्या शिखरापासून मधल्या खाचेकडे एक तृतीयांश अंतरावर, रेषेच्या किंचित उजवीकडे ३.४ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ईटा, म्हणजे आपला जोडतारा, आहे: सूर्यासारखाच पिवळा, फक्त १९ प्रकाशवर्षांवर. शहरी उजेडात तो डोळ्यांना हुलकावणी देतो. आधी द्विनेत्रीने हेरा.

साथीदार मात्र द्विनेत्रीत सुटत नाही. तो ७.५ प्रतीचा, जेमतेम १३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दूर आणि मुख्य ताऱ्याच्या झगमगाटात बुडालेला. ६० मिमी दुर्बीण, ७०० मिमी नाभीय अंतर, १० मिमी आयपीस (डोळ्याजवळचे भिंग): ७०० ÷ १०, म्हणजे ७० पट वर्धन पुरते. प्रतिमा थरथरली तर पट वाढवू नका. दुर्बीण अर्धा तास बाहेर निवू द्या. मग तांबूस ठिपका वेगळा दिसतो.