गाडीतल्या अडॅप्टरवर वॉकीटॉकी तापत असेल तर दोष कसा शोधावा

बॅटरी काढून त्या जागी बसवायचा आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेणारा अडॅप्टर, म्हणजे बॅटरी एलिमिनेटर, हे गाडीत हातातला रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकी, चालवण्याचे सोपे साधन आहे. पण थोडा वेळ बोलले की सगळा संच हाताला चटका देऊ लागतो, ही त्याची नेहमीची तक्रार. अशा वेळी रेडिओ बदलायची घाई करू नका. आधी उष्णता नेमकी कुठून येते ते शोधा, कारण रेडिओ, अडॅप्टर आणि सॉकेटमधला प्लग ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळ्या कारणांनी तापतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

इंजिन चालू ठेवा, रेडिओ अडॅप्टरवर लावा आणि आपल्याला परवानगी असलेल्या मोकळ्या चॅनलवर 30 सेकंद पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबून धरा. 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावून शक्ती जिरवणारा रेझिस्टर, असेल तर तोच जोडा, म्हणजे कोणाच्या संभाषणात व्यत्यय येणार नाही. नंतर पीटीटी सोडा, प्लग उपसा आणि लगेच तीन ठिकाणी हात लावा: रेडिओचा अँटेनाजवळचा वरचा भाग, अडॅप्टरची पाठ आणि प्लगचे टोक. बोट ठेवणे असह्य होईल ते ठिकाण आपले. मल्टिमीटरला तापमानाचा प्रोब असेल तर अंदाजावर विसंबू नका. आता रेडिओ थंड होऊ द्या, मूळ बॅटरी बसवा आणि हीच चाचणी पुन्हा करा. बॅटरीवर तो कोमटच राहिला तर दोष अडॅप्टरच्या बाजूला आहे. बॅटरीवरही तितकाच तापला तर अडॅप्टर निर्दोष समजा आणि अँटेनाकडे वळा.

बहुतेक वेळा अडॅप्टरच सापडतो, आणि त्यामागचे गणित साधे आहे. स्वस्त एलिमिनेटरमध्ये व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा लिनियर रेग्युलेटर असतो, बऱ्याचदा 7808 या चिपसारखा. इंजिन चालू असताना गाडीत 13.8 ते 14.4 व्होल्ट असतात आणि दोन लिथियम सेलच्या रेडिओला हवे असतात साधारण 8. मधला फरक हा रेग्युलेटर उष्णता करून फेकतो. 5 वॉटचा रेडिओ बोलताना सुमारे 1.5 अँपियर ओढतो. म्हणजे 13.8 वजा 8, बरोबर 5.8 व्होल्ट, त्याला 1.5 ने गुणले की 8.7 वॉट. एवढी उष्णता बंद प्लॅस्टिकच्या डबीत, रेडिओच्या पाठीला चिकटून. हीटसिंक नसलेला असा रेग्युलेटर दर वॉटमागे साधारण 50 ते 60 अंशांनी तापतो, तेव्हा 8.7 वॉट तो पेलूच शकत नाही. ऐकताना 0.2 अँपियरच लागतात, उष्णता जेमतेम सव्वा वॉट. म्हणूनच नुसते ऐकत असताना काही जाणवत नाही. लांबलचक बोलताना रेडिओ अचानक बंद पडून काही सेकंदांनी आपोआप सुरू होत असेल, तर रेग्युलेटर अति तापून स्वतःला बंद करतो आहे असे समजा. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये हाच अडॅप्टर लावला तर 30 वॉटच्या आसपास उष्णता निघेल. तसे कधीही करू नये.

रेग्युलेटर शॉर्ट झाला की गाडीचे पूर्ण व्होल्ट रेडिओत शिरतात. त्यामुळे संशय आला की रेडिओ न जोडता अडॅप्टरच्या आउटपुटवर मल्टिमीटर धरा. 8.4 पेक्षा जास्त वाचन आले तर तो अडॅप्टर बाद.

खरा उपाय म्हणजे लिनियरच्या जागी स्विचिंग, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर. तो सुमारे 90 टक्के कार्यक्षम असल्यामुळे रेडिओच्या 12 वॉटला (8 व्होल्ट गुणिले 1.5 अँपियर) उष्णता फक्त सव्वा-दीड वॉट होते. निदान 3 अँपियरचे मॉड्यूल घ्या आणि ते रेडिओच्या पाठीवर न बसवता प्लगच्या जवळ, वारा लागेल असे ठेवा. एलिमिनेटरच्या डबीत फक्त संपर्कपट्ट्या राहू द्या. व्होल्टेज 7.8 वर लावा, आणि तेही रेडिओ जोडण्याआधी. आउटपुटला रेडिओऐवजी 5.6 ओहम, 25 वॉटचा रेझिस्टर लावून दहा मिनिटे चालवा. व्होल्टेज हलत नसेल आणि मॉड्यूल सोसवेल इतकेच तापत असेल तर ठीक. या चाचणीत रेझिस्टर स्वतः चांगलाच तापतो, तो प्लॅस्टिकवर किंवा सीटवर ठेवू नका. इनपुटला 2 अँपियरचा फ्यूज हवाच. आउटपुटवर 5 वॉटचा 9.1 व्होल्टचा झेनर डायोड (ठरावीक व्होल्टच्या वर गेले की प्रवाह वाहू देणारा) उलट्या ध्रुवतेने, म्हणजे पट्टीची बाजू धनाकडे, टाकला तर कन्व्हर्टर बिघडल्यावर रेडिओऐवजी फ्यूज जाण्याची शक्यता बरीच वाढते. बकमुळे कमकुवत सिग्नलवर खरखर येऊ लागली तर वायरीचे तीन-चार वेढे फेराइटमधून, म्हणजे खरखर शोषणाऱ्या चुंबकीय कड्यातून, घ्या, एक फेराइट रेडिओच्या टोकाला आणि एक कन्व्हर्टरच्या इनपुटला.

प्लगचे टोक तापत असेल तर कारण ढिला किंवा काळवंडलेला संपर्क. बोलताना अडॅप्टरच्या इनपुटवर व्होल्ट मोजा. 13.8 चे 13 झाले तर वाटेत अर्धा ओहम प्रतिकार आहे आणि एक वॉटहून जास्त उष्णता तिथेच जळते. सॉकेटचा फ्यूज काढूनच आत हात घाला, कारण मधला संपर्क आणि कडा एकमेकांना टेकली तर तो लगेच उडेल. कार्बन बारीक सँडपेपरने साफ करा, बाजूच्या स्प्रिंगपट्ट्या किंचित बाहेर वाकवा. प्लग तरीही डुगडुगत असेल तर तो बदला. वायर 0.75 चौरस मिलीमीटरपेक्षा बारीक नको.

रेडिओच तापत असेल तेव्हा पहिला प्रश्न अँटेनाचा. धातूच्या गाडीत आखूड रबरी अँटेना लावून बोलले की बरीच शक्ती परत येते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरला भाजते. छतावर चुंबकी अँटेना लावा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप, मोजा: 2 च्या खाली असेल तर काळजी नाही, 3 च्या वर असेल तर बोलणे थांबवा आणि केबल तपासा. दारात चेपलेली केबल नेहमीची गुन्हेगार आहे. अँटेना ठीक असूनही रेडिओ तापत असेल तर दोष बोलण्याच्या वेळेत आहे. हातातले रेडिओ साधारणपणे 5 टक्के बोलणे, 5 टक्के ऐकणे आणि उरलेला वेळ गप्प राहणे, अशा वापरासाठी बनवलेले असतात. पूर्ण शक्तीवर बोलताना सुमारे 12 वॉट आत जातात, 5 बाहेर पडतात आणि 7 आतच राहतात. जवळच्या संपर्कासाठी 1 वॉटवर बोला, फरक लगेच जाणवेल. रोज तासभर बोलायचे असेल तर गाडीत बसवायचा मोबाइल रेडिओच घ्यावा.

रेडिओ बॅटरीसह गाडीत चार्ज करत असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: चार्जिंग चालू असताना बोलू नका. चार्जरला रेडिओचा प्रवाह बॅटरीचाच वाटतो आणि तो भरण्याचा शेवट ओळखू शकत नाही. चार्जरवर इनपुट 10 व्होल्ट लिहिले असेल तर त्याला गाडीचे 14.4 थेट देऊ नका. लिथियम बॅटरी 0 ते 45 अंश सेल्सियसमध्येच चार्ज करावी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. बॅटरी फुगली असेल, गोडसर वास येत असेल किंवा प्लग काढल्यावरही ती तापतच असेल, तर गाडी थांबवून ती बाहेर, दगड-मातीवर, माणसांपासून लांब ठेवा आणि पुन्हा वापरू नका.