मनासारखं कॅरेक्टर बनवायचं, तरी रेडमध्ये मागे पडायचं नाही: बिल्ड जुळवण्याची पद्धत

व्हिडिओ गेममध्ये नवीन कॅरेक्टर थोडं वर आलं की प्रत्येकासमोर तोच पेच येतो. गाइडमधला बिल्ड (कॅरेक्टरचे गुण, स्किल आणि सामान यांची जुळणी) जसाच्या तसा उचलायचा, की आपल्याला आवडतं ते घ्यायचं? यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण भांडणाचा मुद्दाच चुकतो. कुठलाही चांगला बिल्ड उघडून बघा, त्यात दोन प्रकारचा ऐवज असतो. काही गोष्टी गेमच्या गणिताने सक्तीच्या केलेल्या असतात आणि काही फक्त गाइड लिहिणाऱ्याच्या आवडीच्या असतात. पहिल्या मुकाट्याने घ्यायच्या, दुसऱ्या बिनधास्त बदलायच्या. अडचण एवढीच, की गाइडमध्ये दोन्ही एकाच ओळीत, एकाच ठाम सुरात लिहिलेल्या असतात. त्या वेगळ्या कशा काढायच्या ते पुढे दिलं आहे.

गाइड हातात घेतल्यावर

आधी पॅचचा (गेमच्या अपडेटचा) क्रमांक बघा. पाथ ऑफ एक्झाइलसारख्या गेममध्ये दर काही महिन्यांनी नवीन लीग (खेळाचा नवा हंगाम) येते आणि स्किलचे आकडे हलतात. दोन लीग जुना बिल्ड चालेलही, पण तो ‘सर्वोत्तम’ म्हणून कुणी दाखवत असेल तर तो दावा शिळा झालेला असतो.

मग बघा, बिल्ड कशासाठी लिहिला आहे. उभ्या बॉसवर सर्वाधिक डॅमेज, नकाशे झपाट्याने साफ करणं, एकट्याने कथा संपवणं, पीव्हीपी (खेळाडूविरुद्ध खेळाडू): चार कामांना चार वेगळे बिल्ड लागतात. रेडच्या (मोठ्या गटाने मिळून बॉस मारण्याच्या) गाइडमध्ये हीलर (इतरांची हेल्थ भरणारा खेळाडू) सोबत आहे असं धरलेलं असतं, म्हणून तिथे जीव वाचवणारी स्किल काढून टाकलेली दिसतात. तोच बिल्ड घेऊन एकटे फिरायला गेलात तर साध्या शत्रूंच्या टोळीसमोर मराल, आणि दोष स्वतःच्या हातांना द्याल.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. बिल्ड कोणत्या एका वस्तूवर उभा आहे ते शोधा. गाइडमधल्या गिअरच्या (शस्त्रं, चिलखत वगैरे सामानाच्या) यादीतली एकेक वस्तू मनात काढून टाका आणि विचारा, ही नसेल तर बिल्ड फक्त थोडा कमकुवत होईल की कोसळेल? जिच्यावाचून कोसळतो ती वस्तू तुमच्याकडे नसेल, तर तो बिल्ड आज तुमच्यासाठी नाहीच. तीच कल्पना स्वस्त गिअरवर चालवणारा ‘लीग स्टार्टर’ शोधा.

सक्तीचे आकडे

इथे जरा वेळ द्या, कारण पुढचं सगळं स्वातंत्र्य यातूनच मिळतं. सक्तीचे आकडे तीन रूपांत येतात: कमाल मर्यादा, पायऱ्या आणि उतरता लाभ.

कमाल मर्यादेचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पाथ ऑफ एक्झाइलमधली एलिमेंटल रेझिस्टन्स (आग, थंडी, वीज यांच्या माऱ्याला प्रतिकार). कमाल ७५ टक्के. अ‍ॅक्ट ५ (कथेचा पाचवा भाग) नंतर ३० आणि अ‍ॅक्ट १० नंतर आणखी ३० टक्के वजा होतात, म्हणजे शेवटी गिअर आणि स्किलच्या झाडातून मिळून १३५ टक्के जमवावे लागतात. ‘७० आहे, पाचानेच कमी’ असं म्हणून लोक सोडून देतात. गणित करून बघा. ७५ वर तुम्ही १०० पैकी २५ डॅमेज खाता, ७० वर ३०. म्हणजे मार वीस टक्क्यांनी वाढला. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

पायऱ्यांचं स्वच्छ उदाहरण डायब्लो २ मध्ये आहे. सॉर्सरेसचा (जादूगारणीचा) कास्टिंगचा, म्हणजे जादू टाकण्याचा, वेग सलग वाढत नाही. फास्टर कास्ट रेट ९, २०, ३७, ६३, १०५ आणि २०० या आकड्यांवरच कास्टिंगला लागणारी एकेक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) कमी होते. (लाइटनिंग आणि चेन लाइटनिंगचा तक्ता वेगळा आहे.) तुमच्याकडे १०० असेल तर तो ६३ इतकाच कामाचा. वरचे ३७ वाया जाताहेत. एक तर आणखी ५ मिळवून १०५ गाठा, नाही तर तेवढे काढून त्या जागी हवं ते घाला. गाइड ‘१०५ हवेच’ म्हणत असेल, तरी ६३ वर समाधानाने खेळता येतं. मधल्या आकड्यांवर राहण्यात मात्र काहीच हशील नाही.

उतरता लाभ एल्डन रिंगमध्ये नीट दिसतो. व्हिगर (हेल्थ वाढवणारा गुण) ४० वर हेल्थ १,४५०, ६० वर १,९०० आणि ९९ वर २,१००. म्हणजे ४० ते ६० या वीस गुणांत ४५० मिळतात, पण पुढच्या एकोणचाळीस गुणांत फक्त २००. तेव्हा ६० पर्यंत गाइडचं ऐका. त्यापुढचा प्रत्येक गुण तुमच्या मर्जीचा.

काही मर्यादा गटानुसार बदलतात आणि त्या नेमक्या चुकतात. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये डंजन आणि ट्रायलच्या (तिथल्या रेडच्या) बॉसचं आर्मर १८,२०० असतं, त्यापेक्षा जास्त पेनिट्रेशन (आर्मर भेदण्याची ताकद) फुकट जातं. पण टँकने (मार झेलणाऱ्या खेळाडूने) मेजर ब्रीच हा आर्मर घटवणारा परिणाम लावला की त्यातले ५,९४८ गेले, मायनर ब्रीचने आणखी २,९७४. उरले ९,२७८. गटातले बाकी डीबफ (शत्रूला कमकुवत करणारे परिणाम) धरले तर त्याहूनही कमी. एकट्यासाठी जुळवलेला बिल्ड तसाच गटात नेला तर अर्धं पेनिट्रेशन हवेत जातं. म्हणून या गेममध्ये दोन सेट ठेवा.

आता कागद घ्या. डाव्या बाजूला तुमच्या गेमचे असे सगळे आकडे लिहा, उजवीकडे तुमचे सध्याचे. जिथे कमी आहात तिथे आधी भरणा करा. जिथे जास्त आहात, तीच तुमची मोकळी जागा.

हट्ट एकच धरा

मनासारखं खेळायचं म्हणजे नेमकं काय, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ‘मला ढाल सोडायची नाही.’ ‘मला आगीचीच जादू हवी.’ ‘मला एका हाताने, मोजक्या बटणांत खेळायचं आहे.’ असं एक वाक्य पुरे. तीन हट्ट एकत्र धरले की प्रत्येकासाठी थोडी ताकद सोडावी लागते, आणि हे तोटे बेरजेने नव्हे तर गुणाकाराने लागतात. १५ टक्क्यांचे तीन तोटे म्हणजे ०.८५ × ०.८५ × ०.८५, म्हणजे जेमतेम ०.६१. जवळजवळ चाळीस टक्के गेले.

हट्ट ठरला की त्याच्या सर्वांत जवळचा मेटा बिल्ड (सध्या सर्वांत ताकदवान मानला जाणारा) शोधा आणि तिथून सुरुवात करा. कोऱ्या पानापासून नको. सांगाडा तयार मिळतो आणि प्रत्येक बदलाची तुलना करायला एक पक्का आकडा हाताशी राहतो.

सर्वांत जास्त घात होतो तो अर्ध्या-अर्ध्या बिल्डमध्ये. तलवार हवी म्हणून निम्मे गुण स्ट्रेंग्थमध्ये, जादू हवी म्हणून निम्मे इंटेलिजन्समध्ये. परिणाम असा, की दोन्ही हात दुबळे. कल्पना सोडायची गरज नाही, फक्त दोन्ही गोष्टी एकाच स्टॅटवर (गुणावर) आणा. एल्डन रिंगमध्ये ग्लिंटस्टोन व्हेटब्लेड मिळालं की साध्या शस्त्राला मॅजिक अ‍ॅफिनिटी (शस्त्राचा जादुई गुणधर्म) देता येते, मग तलवारीचं डॅमेजही इंटेलिजन्सवर वाढतं. स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटी शस्त्र उचलण्यापुरती ठेवायची, बाकी सगळं एका जागी. ज्या शस्त्रांची अ‍ॅफिनिटी बदलत नाही ती या कामाला निरुपयोगी, म्हणून शस्त्र निवडण्यापूर्वीच तेवढं बघून घ्या. इतर गेममध्येही हाच शोध घ्यायचा: माझी दुसरी आवड पहिल्या स्टॅटवर चालवणारी एखादी वस्तू, पॅसिव्ह (आपोआप लागू असणारा गुण) किंवा स्किल आहे का?

बदलाची किंमत मोजणं

स्किलच्या वर्णनातले टक्के फसवे असतात. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये डॅमेज वाढवणारे ‘इन्क्रीज्ड’ टक्के सगळे आधी एकमेकांत मिळवले जातात, ‘मोअर’ मात्र प्रत्येक वेळी वेगळा गुणला जातो. तुमच्याकडे आधीच ३०० टक्के इन्क्रीज्ड असेल तर डॅमेज ४ पट आहे. आणखी ४० टक्के घातले की ४.४ पट. म्हणजे खरी वाढ १० टक्के. तिथेच २० टक्के मोअर मिळाला तर खरी वाढ पूर्ण २०. म्हणून गाइडमधला मोठ्या आकड्याचा इन्क्रीज्ड नोड (स्किलच्या झाडातला एक टप्पा) काढून आवडीचा घेणं बहुतेकदा परवडतं, पण मोअर देणारं सपोर्ट जेम (स्किलला जोडायचा खडा) काढणं जड जातं. पाथ ऑफ बिल्डिंग या मोफत साधनात हे बदल आधी करून बघा. नोडवर माउस नेला की डॅमेज आणि बचाव किती हलतील ते तिथेच दिसतं.

क्रिटिकलचंही (अधूनमधून बसणाऱ्या जादा जोराच्या फटक्याचं) तसंच. क्रिट चान्स ५० टक्के आणि क्रिटवर ५० टक्के जादा डॅमेज असेल, तर सरासरी १.२५ पट. चान्स ६० केला तर १.३०, क्रिट डॅमेज ७० केलं तर १.३५. दोघांमध्ये जे मागे पडलं आहे ते वाढवलेलं सहसा फायद्याचं ठरतं.

कागदावरचं झालं की डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) या. गिअर, खाणं, पोशन, बफ (ताकद वाढवणारे परिणाम) सगळं तेच ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. जुन्या बिल्डने पाच वेळा, नव्याने पाच वेळा, दर वेळी किमान तीन मिनिटं मारा आणि सरासरी घ्या. क्रिटच्या नशिबानेच आकडा थोडा खालीवर होतो, त्यामुळे दोन-तीन टक्क्यांचा फरक आला तर ‘सारखंच’ समजा आणि आवडीचं ठेवा. डमी कोणता हेही महत्त्वाचं. एल्डर स्क्रोल्समधला २ कोटी १० लाख हेल्थचा ट्रायल डमी गटाचे बफ स्वतःच देतो. त्यावरचा आकडा एकट्याने फिरताना दिसणार नाही.

आता एक गोष्ट, जी गाइड लिहिणारे क्वचितच सांगतात. त्यांचा आकडा निर्दोष हातांचा असतो. समजा, बारा बटणांचं रोटेशन (स्किल वापरण्याचा ठरलेला क्रम) कागदावर १,००,००० डीपीएस (दर सेकंदाचं डॅमेज) देतं, पण बॉसच्या धावपळीत तुमच्याकडून त्याचं ७५ टक्केच निघतं. हाती आले ७५,०००. सहा बटणांचा साधा बिल्ड कागदावर ८८,००० देतो आणि तुम्ही ९२ टक्के काढता. हाती आले जवळपास ८१,०००. कागदावर हरलेला बिल्ड तुमच्या हातात जिंकला. म्हणून डमीनंतर खऱ्या बॉसवरचा लॉग (लढाईची नोंद) बघा. त्यात बफचा अपटाइम (तो किती टक्के वेळ चालू होता) तपासा. २० सेकंदांचा बफ तुम्ही दर २५ सेकंदांनी लावत असाल तर अपटाइम ८० टक्के आहे. असा बफ वारंवार निसटत असेल तर तो काढून आपोआप चालणारा पॅसिव्ह घ्या, वर्णनात तो कमी दिसला तरी.

किती उणं चालेल?

हे मनावर सोडू नका, भागाकार करा. बॉसची हेल्थ ६ कोटी, एनरेज होण्यापूर्वी (पिसाळून सगळ्यांना मारण्यापूर्वी) ५ मिनिटं, डॅमेज करणारे ६ जण. ६ कोटींना ३०० सेकंदांनी भागलं तर एकूण २,००,००० डीपीएस, माणशी सुमारे ३३,०००. मरणं आणि धावपळ धरून वर १५ टक्के ठेवा, म्हणजे ३८,०००. तुमचा बिल्ड खऱ्या लढाईत ४२,००० देत असेल तर तो पुरेसा आहे. मेटा बिल्ड ५०,००० देतो म्हणून तो बदलण्याची गरज नाही. ३०,००० देत असेल तर मात्र उरलेला भार इतर पाच जणांवर पडतो, आणि त्यांना न विचारता तो टाकणं बरोबर नाही.

एकट्याने कथा खेळताना बहुतेक काहीही चालतं, तिथे काळजी नको. पीव्हीपीत मात्र मोजमापच बदलतं, कारण समोरचाही बिल्ड बदलतो. लीग ऑफ लेजेंड्समध्ये १०० आर्मर फिजिकल डॅमेज निम्मं करतं, पण समोर बहुतांश जादूचं डॅमेज असेल तर गाइडमध्ये आर्मर लिहिलं आहे म्हणून घेणं म्हणजे सोनं फेकणं. तिथे गाइडमधल्या पहिल्या एक-दोन आयटमना चिकटा आणि पुढचे समोरची टीम बघून घ्या.

गटात जायचं असेल तर वेगळा बिल्ड लपवू नका. प्रवेश घेण्यापूर्वीच लीडरला आकड्यासह सांगा: ‘ढालवाला बिल्ड आहे, मागच्या बॉसवर ४२ हजार होते, गरज पडली तर दुसरा सेट तयार आहे.’ आकडा दिला की वाद बहुधा तिथेच मिटतो. नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क. पण जी भूमिका घेतली ती पाळा. टँक म्हणून नाव दिलं असेल तर टॉन्ट (शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढणं) आणि डीबफ ही तुमची जबाबदारी आहे, तिथे हट्ट चालत नाही.

बिघडलं तर

सारखे मरत असाल तर आवडीच्या स्किलला हात लावण्याआधी कागदाची डावी बाजू पुन्हा बघा. दहापैकी बहुतेक वेळा रेझिस्टन्स किंवा हेल्थच कमी निघते. माना (स्किल वापरायला लागणारा साठा) मध्येच संपत असेल तर महागड्या स्किलचा एक सपोर्ट काढून बघा, बहुतेक सपोर्ट खर्च वाढवतात. लेव्हल वाढवताना बिल्ड रटाळ वाटत असेल तर कदाचित तो मुळात शेवटच्या गिअरसाठी आहे. तोपर्यंत साध्या स्किलवर चालवा आणि नंतर वळवा.

वळवण्याचा खर्च मात्र आधीच माहीत करून घ्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये मूळ नियमांनुसार पहिला रीस्पेक (गुणांची नव्याने वाटणी) १ गोल्ड, दुसरा ५, मग पाच-पाचने वाढत ५० पर्यंत जातो. एल्डन रिंगमध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर दर रीस्पेकला लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू लागते आणि त्या मोजक्याच मिळतात. जिथे रीस्पेक महाग आहे तिथे प्रयोग साधनात किंवा कागदावर करा, गेममध्ये शेवटी एकदाच. जिथे स्वस्त आहे तिथे सध्याचा बिल्ड जतन करून ठेवा आणि त्याच्या नावात पॅचचा क्रमांक घाला. नवीन पॅच आला की फक्त सक्तीच्या आकड्यांचा रकाना पुन्हा तपासा, आणि तुमच्या मुख्य स्किलचं नाव पॅच नोट्समध्ये शोधा. दोन्हीकडे बदल नसेल तर बिल्डला हात लावू नका.