गुळाला पाणी सुटतं, तिथून सुरुवात करा

माझ्या आजोळी, कागलजवळच्या खेड्यात, आजी पावसाळ्यासाठीचा गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. मृग लागायच्या आत तो तिथं गेलाच पाहिजे असा तिचा दंडक होता. बी.एस्सी. केमिस्ट्री करून मी एम.एस्सी.ला आले तोवर मला ती जुन्या बायकांची सवय वाटायची. पुढं काही वर्षं ज्या प्रश्नावर मी घालवली, त्याचं अर्धं उत्तर त्या फळीवरच होतं. चुलीच्या उबेनं तिथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा त्या तापमानाला जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे) खाली राहते, आणि गूळ पाणी ओढणार की नाही हे त्या आर्द्रतेवर ठरतं.

दर जूनमध्ये कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लजकडची मुलंमुली विचारतात, "ताई, फूड प्रिझर्व्हेशनमध्ये रिसर्च करायचाय, नॅनो फिल्मवर काम करू का?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझीही सुरुवात तिथूनच झाली होती. कोळंबीच्या टरफलापासून मिळणाऱ्या कायटोसानची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, करायची, त्यात जंतू मारायला झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) घालायचे, गूळ त्यात गुंडाळायचा, असं ठरवून मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या गुळाला नेमकं काय होतं?" मी म्हटलं, "खराब होतो." त्या म्हणाल्या, "खराब म्हणजे काय? आधी आठ दिवस गुऱ्हाळावर जाऊन ये."

गेले. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर पहाटे पाचला पोचायचे. चुलवाणात चिपाड जळत असायचं, काहिलीत रस उकळत असायचा, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी झाऱ्यानं काढली जायची. गुळव्या मामा, म्हणजे पाक कधी उतरवायचा ते ठरवणारे, थर्मामीटर वापरत नव्हते. पाक उतरायला आला की हात गार पाण्यात बुडवायचा, चिमूटभर पाक घेऊन पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायची आणि ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकायचा. मी शेजारी उभी राहून तापमान टिपत होते. आठ दिवसांत त्यांचा हात आणि माझा ११८ अंश सेल्सिअसचा आकडा यांत एका अंशापेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. काकवी करायची असेल तर १०५-१०६ अंशांच्या आसपासच काहील उतरते, पावडरीसाठी १२० च्या पुढं जावं लागतं. एकच रस, पण पंधरा अंशांच्या अंतरात तीन वेगळे पदार्थ आणि तिन्हींची टिकण्याची गरज वेगळी.

तिसऱ्या दिवशी मामांनी एक मोळी बाजूला काढायला लावली. "हा परवा तोडलेला ऊस हाय. शिळ्या उसाचा गूळ पावसाळ्यात रडतोय बघ." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जातं. यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार जोरात ओढतं. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळही असाच लवकर ओलावतो, तिथं कारण क्षारांचं. म्हणजे गुळाचं टिकणं शेतात आणि तोडणीच्या दिवशी ठरायला लागतं आणि पाकीट सगळ्यात शेवटी येतं. पाकिटावर संशोधन करणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. नाहीतर आपण वाईट गुळासाठी महागडं पाकीट शोधत बसतो.

रंगाचंही तेच. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन) टाकली जाते, आणि तिच्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो. अन्नसुरक्षा नियमांत गुळात त्याची मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, आहे. शिवाय हायड्रॉसनं मिळवलेला रंग साठवणीत टिकत नाही, गूळ पुन्हा काळपट पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव राखायचं असेल तर हे काम आपल्याच पोरांनी करायला हवं.

परत आल्यावर मॅडमनी सात काचेचे डेसिकेटर, म्हणजे घट्ट झाकणाच्या बरण्या, दिले. नव्यानं येणाऱ्यानं हा प्रयोग पहिल्याच महिन्यात करावा, यंत्र लागत नाही. प्रत्येक बरणीच्या तळाशी एका क्षाराचं संपृक्त द्रावण ठेवायचं, तळाशी थोडा न विरघळलेला क्षार दिसला पाहिजे. मॅग्नेशियम क्लोराइडच्या वर हवा साधारण ३३ टक्के आर्द्रतेला स्थिर राहते, घरातल्या मिठावर ७५ टक्क्यांना, पोटॅशियम क्लोराइडवर ८४ च्या आसपास. त्यात किसलेल्या गुळाच्या छोट्या वाट्या ठेवायच्या आणि वजन घेत राहायचं. ३३ च्या बरणीतला गूळ महिनाभर कोरडा खडखडीत होता. ७५ च्या बरणीत चौथ्या दिवशी किसावर चकाकी आली, आठव्या दिवशी कीस एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला. ८४ च्या बरणीत काकवीसारखा पाझर आणि पुढं बुरशी. कोल्हापुरात जुलैमध्ये हवा ७५ च्या वरच असते, म्हणजे दुकानातल्या उघड्या ढेपेचं काय होणार ते टेबलावरच दिसलं.

यात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. पावसाळ्यात बरणी उघडून सगळ्या वाट्या एकदम बाहेर काढल्या आणि एकेक तोलत बसले. शेवटच्या वाटीची पाळी येईपर्यंत ती बाहेरच्या हवेतलं पाणी पिऊन बसलेली असायची. दोन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. एक वाटी काढायची, झाकण लावायचं, तोलायची, परत ठेवायची. आणि जास्त आर्द्रतेच्या बरण्यांत थायमॉलची छोटी कुपी ठेवायची, म्हणजे बुरशी आकड्यांत ढवळाढवळ करत नाही.

या प्रयोगातून वॉटर ॲक्टिव्हिटी अंगात मुरते. पदार्थात पाणी किती, यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती, यावर जंतूंची वाढ ठरते; हे मोकळं पाणी म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची ती १, आणि ७५ टक्क्यांच्या बरणीत वजन स्थिरावलेल्या गुळाची ०.७५. ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणू थांबतात, बहुतेक बुरशा ०.८ ते ०.७ च्या दरम्यान, आणि ०.६ च्या खाली कोणीच वाढत नाही. कांदा-लसूण मसाला, लोणचं, पापड, काजू, दुधाची पावडर, सगळ्यांचं गणित याच रेषेवर मांडता येतं.

मग माझी लाडकी फिल्म. कायटोसान एक टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवून, लवचीकपणासाठी थोडं ग्लिसरॉल घालून काचेच्या थाळीत ओतलं. दोन दिवसांनी पिवळसर, पारदर्शक पापुद्रा अलगद सुटून आला तेव्हाचा आनंद आजही आठवतो. ऑक्सिजन अडवायला ती फार चांगली निघाली. नंतर कप टेस्ट केली. ॲल्युमिनियमच्या वाटीत कोरडं कॅल्शियम क्लोराइड, वर फिल्म, कडा मेणानं बंद, आणि ती वाटी दमट पेटीत ठेवून रोज वजन. फिल्ममधून पाणी भराभर आत जात होतं. कायटोसान स्वतःच पाण्याचं लोभी, आणि मी घातलेलं ग्लिसरॉल त्याहून लोभी. गुळाचा शत्रू पाण्याची वाफ, आणि मी अडवत होते ऑक्सिजन. हीच फिल्म पेरूवर, टोमॅटोवर पातळ लेप म्हणून द्या, ती फळाचा श्वास मंद करते आणि बुरशीलाही रोखते. गुळासाठी मात्र ती चुकीची होती.

नॅनोकणांबद्दल आणखी एक. पाकिटातून पदार्थात काय उतरतं यालाही नियम आहे. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लॅस्टिकसाठी एकूण मायग्रेशनची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम दिली आहे. जंतू मरतात असा फोटो दाखवून भागत नाही, कण गुळात जात नाहीत हेही दाखवावं लागतं. हा खर्च आणि वेळ विषय निवडतानाच धरा.

त्यानंतर मी साध्या हिशेबावर आले. अर्धा किलो गूळ पावडरीचं पाकीट घ्या, १५ बाय २० सेंटिमीटर. दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर. समजा फिल्ममधून ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला रोज चौरस मीटरमागं ५ ग्रॅम वाफ जाते. म्हणजे पाकिटात रोज ०.३ ग्रॅम पाणी. पावडर गठ्ठा व्हायच्या आधी दोन टक्के, म्हणजे १० ग्रॅम पाणी सोसते असं धरलं, तर ३३ दिवस. हाच आकडा ५ ऐवजी ०.५ असेल, तर ३३३ दिवस. प्रत्यक्षात आतली हवा अगदी कोरडी नसते, बाहेरही सतत ९० टक्के नसतं, त्यामुळे थोडा जास्त काळ मिळतो. पण बाजारातल्या कुठल्या फिल्मकडे बघायचंसुद्धा नाही, हे या चार ओळींत कळतं. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी आता हेच करायला सांगते. भलेभले अडखळतात, कारण पाकीट आणि पदार्थ त्यांना वेगवेगळ्या पेपरांत शिकवलेले असतात.

आणि तरीही माझी पाकिटं ओलावली. चांगलं लॅमिनेट (थरावर थर चिकटवून केलेली फिल्म) घेतलं, चाळीस पाकिटं भरली, ऑगस्टमध्ये अकरा पाकिटांत गठ्ठा. फिल्म पुन्हा तपासली, ठीक होती. मग प्रयोगशाळेतल्या सहायक काकांनी सुचवलं म्हणून रिकाम्या केलेल्या पाकिटात रंग घातलेलं स्पिरिट ओतलं आणि सीलकडे कलतं केलं. सीलमधून निळी रेघ केसासारखी सरकत बाहेर आली. भिंगाखाली बघितलं तर सीलच्या पट्टीत गुळाचे कण अडकलेले होते. भरताना बारीक धूळ पाकिटाच्या तोंडाला आतून चिकटायची आणि सील तिथं नीट जुळायचंच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये स्टीलचं लांब नाळीचं नरसाळं करून घेतलं, नाळ सीलच्या रेषेच्या खूप खाली जाईल असं. सीलची पट्टी रुंद केली. पुढच्या चाळीसमध्ये एकही पाकीट गेलं नाही. माझ्या प्रबंधात त्या नरसाळ्याला अर्धं पानच मिळालं, पण आज गूळ पावडर भरणारे बचतगट मला त्याचंच माप विचारतात.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात. केमिस्ट्री, फिजिक्स, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजी, केमिकल इंजिनिअरिंग, कुठूनही या कामात येता येतं. गेट या प्रवेश परीक्षेत एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) आणि एक्सएल (जीवविज्ञान) या दोन्ही पेपरांत अन्न तंत्रज्ञानाचा विभाग आहे. परभणीचं अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय १९७६ पासून आहे, म्हैसूरचं सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, १९५० पासून. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ऊस व गूळ संशोधन केंद्रही इथंच आहे. तिथल्या माणसांशी बोलायला लाजू नका. को ९२००५ सारखी उसाची जात गुळाला का चालते, हे पुस्तकापेक्षा तिथं लवकर समजतं.

नोकऱ्या दूध संघांत, मसाला आणि काजू प्रक्रियेत, पॅकेजिंग कंपन्यांत, तपासणी प्रयोगशाळांत आहेत. पहिला पगार फार नसतो हे खरं. स्वतःचं युनिट काढणाऱ्यांना २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, ती अजून चालू आहे का ते बघा, पण यंत्राचं कोटेशन आणण्याआधी आपल्या पदार्थाची वॉटर ॲक्टिव्हिटी मोजून घ्या. एका व्यापाऱ्यानं आधी यंत्र घेतलं आणि मग मला बोलावलं. पावडर मुळातच ओली होती, कोणत्याच फिल्ममध्ये टिकली नसती. त्याला वाळवणीसाठी पुन्हा पैसे घालावे लागले, आणि ते सांगताना मलाच वाईट वाटत होतं.

आता अगदी व्यवहाराचं. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. ताजा, एकाच काहिलीचा, तोडणीची तारीख माहीत असलेला गूळ हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन घ्या. काहिलीचं तापमान आणि उसाची जात वहीत लिहा. एप्रिलमध्ये बरण्या लावा, मेमध्ये पाकिटं भरून सील तपासा. सात जूनच्या आत नमुने खोलीतल्या फळीवर गेले पाहिजेत, शेजारी आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर ठेवून. हे चुकलं तर खरा पावसाळा मिळायला पुढचं वर्ष उजाडतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं होतं, नमुने तयार झाले तेव्हा गणपती बसले होते.